स्क्रीन आणि रफचा कागद यांच्यामधली वीतभर जागा

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'संगणकावरची प्रवेश परीक्षा : तीन तासांचं नियोजन'. नियोजनाकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे, जी बरीच वर्षं मनात आहे आणि स्टाफरूममध्ये सांगून सांगून तिथल्या लोकांना पाठ झाली आहे. समोर बारावीची मुलं आहेत, त्यांचे आईवडील आहेत. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी राज्याची सीईटी आणि देशपातळीवरची जेईई असते, हे तुम्हाला माहीत आहे, त्यात तुमचा वेळ घालवत नाही.

आधी एक विचारते. आजवर दिलेल्या मॉक टेस्टचे, म्हणजे सराव परीक्षांचे, रफचे कागद ज्यांनी जपून ठेवलेत त्यांनी हात वर करा. दोन? मागे अजून एक आहे, तीन. या तिघांसाठी टाळ्या वाजवा, मी मनापासून म्हणतेय. बाकीच्यांचे रद्दीत गेले. निकालाची स्क्रीन एवढंच सांगते की उत्तर चुकलं. ते कुठल्या ओळीत चुकलं, हे त्या रद्दीत गेलेल्या कागदाला माहीत होतं.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. गणितात हुशार, अक्षर नेटकं, कागदावरच्या प्रत्येक चाचणीत पहिल्या तिघांत. संगणकावर पहिली मॉक दिली आणि गणितातले पन्नासपैकी बावीस बरोबर आले. घरच्यांना वाटलं घाबरला असेल. त्याला स्वतःला वाटलं अभ्यास कमी पडला, म्हणून त्याने आणखी दोन पुस्तकं आणली. मला काही ते पटेना. जी गणितं चुकली होती तीच त्याला फळ्यावर दिली, तर त्याने एकामागून एक सोडवली. मग मी त्याला म्हटलं, पुढची मॉक तू दे, मी तुझ्या मागे खुर्ची टाकून बसते. काही बोलणार नाही, नुसतं बघणार.

त्या तीन तासांत मी जे शिकले ते पुढे कुठल्याच प्रशिक्षणात मला कुणी सांगितलं नाही. मी मुलाच्या स्क्रीनकडे बघतच नव्हते, मी त्याची मान बघत होते. एक डिटरमिनंटचं गणित होतं, तीन बाय तीनचं, म्हणजे तीन ओळी आणि तीन रकान्यांत मांडलेल्या नऊ संख्या. तो वर बघायचा, एक संख्या घ्यायचा, खाली बघून लिहायचा. परत वर. त्या एका गणितात त्याने अकरा वेळा मान वर केली, मी मोजत होते. आणि अकरा वेळा बघूनही दुसऱ्या ओळीतला उणे दोन त्याने नुसता दोन लिहिला. पुढची सगळी रीत निर्दोष. उत्तर चूक. आणि तो जो चुकीचा आकडा आला, तो पर्यायांत होताच! प्रश्न काढणारी माणसं अनुभवी असतात, मुलं कुठली चिन्हं गाळतात हे त्यांना ठाऊक असतं.

दुसरं म्हणजे त्याचा हात. उजव्या हातात माऊस. गणित आलं की माऊस सोडायचा, पेन्सिल उचलायची, सोडवायचं, पेन्सिल ठेवायची, ती घरंगळायची, ती पकडायची, परत माऊस. दीडशे प्रश्नांत हे किती वेळा होत असेल? इथे एक सांगण्यासारखं आहे. माझ्या एका डावखुऱ्या विद्यार्थिनीला हा त्रास कधी झालाच नाही. तिची पेन्सिल डाव्या हातात, माऊस उजवीकडे जिथे असतो तिथेच, दोन्ही हात आपापल्या कामावर. तेव्हापासून मी उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलांना डाव्या हाताने माऊस चालवायला शिकवून पाहिलं. आठ-दहा दिवसांत जमतं. सगळ्यांना मानवत नाही, पण ज्यांना मानवतं त्यांची पेन्सिल तीन तास खाली ठेवावी लागत नाही. पालकहो, ही गोष्ट घरी करून बघण्यासारखी आहे.

तर माझं म्हणणं असं. छापील प्रश्नपत्रिका आपण वाचतो असं म्हणतो, पण खरं तर आपण तिच्यावर काम करतो. 'नाही' या शब्दाभोवती गोल करतो. सर्किटच्या आकृतीवरच प्रवाहाचे बाण काढतो, त्रिकोणाच्या बाजूवरच लांबी लिहितो, नको तो पर्याय खोडतो. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधला अर्धा विचार त्या छापील कागदावरच होतो. स्क्रीनवर त्यातलं काही करता येत नाही. आकृती तिथे, पेन्सिल इथे, आणि मधल्या वीतभर जागेतून सगळं वाहून आणायचं ते डोळ्यांनी. त्या वाहतुकीत उणे चिन्ह सांडतं, घात सांडतो, सेंटिमीटरचे मीटर होतात.

आपल्याकडे ही वाहतूक भराभर वाढली. एमबीएच्या प्रवेशाची कॅट २००९ साली संगणकावर गेली. आयआयटीच्या प्रवेशाची जेईई अ‍ॅडव्हान्स्ड २०१८ पासून पूर्ण संगणकावर, तिथे तर एकाच दिवशी तीन-तीन तासांचे दोन पेपर. २०१९ ला जेईई मेन आणि आपली एमएचटी-सीईटी, दोन्ही गेल्या. एक मात्र बघा, जेईई मेनमधली आर्किटेक्चरची ड्रॉइंगची परीक्षा संगणकावर गेली नाही, ती कागदावरच राहिली. हाताने विचार करायचा असेल तर कागद लागतो, हे तिथे मान्य झालं. मी म्हणते, भूमितीलाही तो लागतो, आणि भौतिकशास्त्रालाही.

हा नुसता माझा ग्रह नाही. २०१८ साली स्पेन आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी २००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास एकत्र करून तपासले. एक लाख सत्तर हजारांहून जास्त वाचक त्यांत होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचलेला जास्त नीट समजतो असं निघालं, आणि वेळेचं बंधन घातलं की हा फरक वाढतो असंही निघालं. म्हणजे मुलाला स्क्रीनवर कमी मार्क पडले तर 'तुझं लक्ष नव्हतं' म्हणून त्याला बोलू नका. लक्ष होतं. सवय नव्हती.

आणि सवय लागणार कशी? मी एके काळी एका संस्थेत शिकवत होते. तिथे दीड वर्ष सगळ्या चाचण्या झेरॉक्सवर आणि शेवटचे पंधरा दिवस संगणकावर. मी तीन वेळा लिहून दिलं की आठवड्यातली निदान एक चाचणी पहिल्यापासून संगणकावर घ्या. उत्तर यायचं की संगणक कमी आहेत, आणि पेपर हातात दिसला की पालकांना बरं वाटतं. संगणक कमी होते हे खरं होतं. पण प्रश्न भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवून मुलांना नुसते कोरे कागद दिले असते तरी चाललं असतं! उतरवून घेण्याचा सराव झाला असता. तिथल्या तुकड्यांमधली काही मुलं अजून भेटतात आणि शेवटच्या पंधरा दिवसांबद्दलच बोलतात. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं.

उतरवून घेणं हे कौशल्य आहे आणि ते शिकवता येतं. त्या मुलाबरोबर मी तीन आठवडे फक्त एवढंच केलं. प्रश्न स्क्रीनवर, सोडवायचा नाही, नुसता उतरवायचा. डिटरमिनंट असेल तर पूर्ण ओळ एका नजरेत घ्यायची, मनात म्हणायची, 'उणे दोन, पाच, शून्य', आणि मग लिहायची. तीन ओळींना तीनदा मान वर, चौथ्यांदा फक्त चिन्हं तपासायला. आकृती असेल तर सुंदर काढायची नाही, पण मोठी काढायची. कागदावर उभी घडी घालून दोन रकाने करायचे, प्रत्येक गणिताला प्रश्नाचा क्रमांक द्यायचा आणि खाली आडवी रेघ मारायची. क्रमांक का, तर दीड तासाने त्या प्रश्नाकडे परत आलात तर आधीचं काम सापडायला हवं. नाहीतर तेच गणित पहिल्यापासून.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिली म्हणून. आणि नियोजन तर सगळंच राहिलंय. भराभर सांगते, लिहून घ्या.

सीईटीचे तीन तास हे तीन तास नसतातच. ते दीड-दीड तासाचे दोन डबे आहेत. पीसीएमच्या, म्हणजे भौतिक-रसायन-गणित घेतलेल्या, मुलांना पहिल्या डब्यात भौतिक आणि रसायनचे मिळून १०० प्रश्न, दुसऱ्यात गणिताचे ५०, प्रत्येकी दोन गुणांचे. पहिला डबा बंद झाला की मागे जाता येत नाही. म्हणजे पहिल्यात एका प्रश्नाला ५४ सेकंद, दुसऱ्यात १०८. आत्ता सांगितलेलं सगळं उतरवणं गणितासाठी. रसायनच्या बहुतेक प्रश्नांना पेन्सिल उचलायचीच नाही, तिथे वाचलेला वेळ भौतिकच्या आकड्यांना द्यायचा. उणे गुण नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नका. शेवटची तीन मिनिटं त्यासाठीच ठेवा.

जेईई मेन वेगळी. ७५ प्रश्न, १८० मिनिटं, सरासरी १४४ सेकंद, तिन्ही विषयांत हवं तसं फिरता येतं, चुकीला एक गुण वजा. इथे दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत दिसताक्षणी रस्ता सुचला तरच सोडवा, नाहीतर पुढे. उत्तर निवडल्यावर 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबा. उत्तर निवडून थेट बाजूच्या चौकटीतला दुसरा क्रमांक दाबलात तर आधीचं उत्तर जतन होत नाही. यात मार्क गेलेली मुलं मी पाहिली आहेत. आकडी उत्तर स्क्रीनवरच्या कीपॅडने माऊसनेच भरायचं असतं, तेही घरी करून बघा.

घड्याळ कोपऱ्यात सतत उलटं पळत असतं. दर प्रश्नाला त्याच्याकडे बघू नका, दर दहा प्रश्नांनी बघा. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, त्यामुळे तेव्हाच दोनदा डोळे घट्ट मिटून घ्या. मॉक देताना खुर्ची-टेबल, माऊस असलेला संगणक, आणि तुमच्या खऱ्या सत्राची वेळ. गादीवर लोळून मोबाइलवर दिलेली मॉक मी मोजत नाही. जेईई मेन घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या संकेतस्थळावर सरावाच्या परीक्षा फुकट आहेत, त्यांची मांडणी खऱ्या परीक्षेसारखीच आहे.

मॉक झाल्यावर आधी मार्क बघू नका. आधी रफचा कागद घ्या, चुकलेला प्रश्न शोधा आणि लाल पेनने एकच अक्षर लिहा. उतरवताना चुकलं असेल तर 'उ', रीतच आली नसेल तर 'री'. त्या मुलाच्या पहिल्या कागदांवर एकोणीस 'उ' होते आणि सहा 'री'. म्हणजे ती दोन नवी पुस्तकं सहा चुकांसाठी आणली होती. पाचव्या मॉकला 'उ' चार राहिले.

आता खरंच थांबायला सांगताहेत. त्याचे कागद मी आज बरोबर आणले आहेत, त्याने परवानगी दिली आहे. पहिल्या मॉकचे आणि पाचव्या मॉकचे, दोन्ही. ज्यांना बघायचे असतील त्यांनी पुढे टेबलापाशी या.