बायोमेडिकलला बोलवा!

नमस्कार, श्रोतेहो. रात्री अडीचला आयसीयूतला व्हेंटिलेटर केकाटू लागला, की सिस्टर आधी पेशंटला सांभाळतात आणि तिथूनच हाक देतात, ‘‘बायोमेडिकलला बोलवा!’’ वॉर्डात आम्हाला नावानं कुणी फारसं ओळखत नाही. रुग्णालयातली उपकरणं सांभाळणारा बायोमेडिकल इंजिनीअर म्हणून गेली अठरा वर्षं मी हे काम करतो आहे. बारावीचा निकाल लागला, की ओळखीपाळखीची मुलं विचारतात, ‘‘काका, तुमच्याकडे शिकायचं काय असतं?’’

मी त्यांच्या बोटाला रक्तातला प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर लावतो. करोनात हा घरोघरी पोचला. त्यात दोन दिवे असतात, एक लाल, दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायूनं भरलेलं रक्त लाल प्रकाश कमी शोषतं आणि अवरक्त जास्त. प्राणवायू उतरला, की उलटं. पण बोटातलं हाड, कातडी, मांसही प्रकाश शोषतंच. मग रक्ताचा हिशेब वेगळा कसा काढायचा? नाडीच्या ठोक्याबरोबर जेवढा प्रकाश कमीजास्त होतो, तेवढाच धरायचा! भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि शरीरशास्त्र एवढ्याशा चिमट्यात एकत्र नांदतात. चार वर्षं शिकायचं ते हेच.

शिवाय चिकाटी लागते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हृदयशल्यविशारद डॉ. वलियाथन आणि त्यांचे सहकारी हृदयाची कृत्रिम झडप घडवत होते. हृदय दिवसाला सुमारे १ लाख ठोके देतं. झडपेनं तितक्या वेळा उघडमीट करायची, तीही वर्षानुवर्षं. पहिले तीन आराखडे फसले. चौथ्यात झडपेची उघडमीट करणारी चकती खास पॉलिथिलीन प्लास्टिकची केली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती झडप पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसली. डॉक्टर आणि इंजिनीअर वर्षानुवर्षं एका टेबलाशी बसले म्हणूनच हे जमलं, असं मी मानतो.

नोकऱ्या रुग्णालयांत आहेत, उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांत आहेत, उपकरणं अचूक मोजतात का ते तपासणाऱ्या, म्हणजे कॅलिब्रेशनच्या लॅबमध्ये आहेत. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आल्यापासून परवान्यांची आणि गुणवत्तेची कागदपत्रं जाणणारी माणसंही लागतात. नवं काही घडवायची हौस असेल, तर पवईच्या आयआयटीतल्या ‘बेटिक’ या वैद्यकीय उपकरणं घडवणाऱ्या केंद्राचं काम समजून घ्या. सुरुवातीचा पगार मात्र बेताचाच असतो, हे पालकांना आधीच सांगतो.

बारावीला भौतिक, रसायन, गणित घेऊन सीईटी द्या, किंवा दहावीनंतर मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करा. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला एकच विचारा : मुलांना कुठल्या रुग्णालयात, किती आठवडे पाठवता? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरं कॉलेज बघा. नमस्कार.