नाल्यातल्या माशाला कोण पोसतं?

(दृश्य: जंगलातला नाला, फेब्रुवारीची सकाळ)

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघालं की मनसर, देवलापार करत आपण पेंचच्या जंगलाला लागतो. इथे येणाऱ्या प्रत्येकाला वाघ बघायचा असतो. आपण आज नाल्यात उतरणार आहोत.

धार आता बारीक झालीय, मधे मधे डोह उरलेत. साग, ऐन, धावडा, सगळ्यांची पानगळ सुरू आहे आणि डोहाच्या तळाशी पाचोळ्याचा जाड थर साचलाय. एवढं सगळं वरून आयतं पडतंय, तेव्हा नाल्यातले किडे, झिंगे, मासे त्यावरच जगत असणार असं वाटणं साहजिक आहे. १९८० साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी नद्यांबद्दल एक मांडणी केली, ती पुढे जगभर गाजली. तिच्यातही हेच होतं: उगमाकडचे सावलीतले ओढे झाडांच्या पानांवर चालतात.

उष्ण प्रदेशातल्या ओढ्यांनी मात्र वेगळं उत्तर दिलं. प्राणी जे खातो त्यातल्या कार्बनची खूण त्याच्या अंगात उतरते. झाडाच्या पानात जड कार्बनचं, म्हणजे कार्बन-१३चं प्रमाण एक असतं, शेवाळात बहुतेकदा दुसरंच. माशाच्या मांसाचा इवलासा तुकडा तपासला तरी त्याचं अन्न मुळात कुठून आलं ते कळू शकतं. हाँगकाँगच्या दाट सावलीतल्या ओढ्यांमध्ये अशी तपासणी झाली, तेव्हा पाचोळ्याचे ढीग असूनही तिथल्या प्राण्यांचा मोठा आधार शेवाळच निघालं.

(दृश्य: पाण्यातून उचललेला दगड, अगदी जवळून)

ते शेवाळ हे बघा. बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं, तपकिरी-हिरवं, नखाएवढ्याही जाडीचं नाही. त्याला चिकटलेली ही चपटी अळी मेफ्लायची, म्हणजे लहानपण पाण्यात काढणाऱ्या एका उडत्या किड्याची. धारेत वाहून जाऊ नये म्हणून तिचं अंग असं दगडासरसं दबलेलं असतं, आणि दिवसरात्र ती हा थर खरवडत असते. गारा वंशाचा मासाही हेच करतो. त्याच्या खालच्या ओठामागे एक चकती असते. तिने तो दगडाला धरून राहतो आणि शेवाळ ओरबाडतो.

एवढ्याशा थरावर इतक्यांचं भागतं कसं? शेवाळ झपाट्याने वाढतं. आज खाल्लं गेलेलं पुन्हा भरून येतं, म्हणून ते कायम थोडंच दिसतं. शिवाय ते सकस असतं. त्यात प्रथिनं असतात, आणि माशांच्या वाढीला लागणारी लांब साखळीची ओमेगा-३ स्निग्धाम्लंही, जी झाडाच्या पानात जवळजवळ नसतातच. सागाच्या वाळक्या पानात लिग्निन (लाकडाला कडक करणारा पदार्थ) आणि टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर, नायट्रोजन कमी. ते भिजलं की आधी पाण्याला चहाचा रंग येतो, मग त्यावर बुरशी नि जिवाणू चढतात, आणि तेव्हा कुठे ते खाण्याजोगं होतं. खेकडे ते कुरतडतात. पाचोळा वाया जात नाही, पण सगळा संसार त्याच्यावर चालत नाही.

इथे तर पानगळच शेवाळाच्या मदतीला येते. झाडं उघडी पडतात, पाणी संथ आणि नितळ असतं, ऊन थेट दगडापर्यंत पोहोचतं. हेच पाणी वरच्या अंगाला माती उकरून गढूळ केलं, तर ऊन अडतं, दगडावर गाळ बसतो आणि अळीपासून माशापर्यंत सगळ्यांचीच उपासमार होते.

(दृश्य: नागपूर शहरातून वाहणारी नाग नदी)

नाग नदीत शहराने अन्नाचा स्रोतच बदलून टाकलाय. इथे ऊर्जा येते सांडपाण्यातून. जिवाणू त्यावर फोफावतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. अशा पाण्यात तग धरतात त्या कायरोनोमिड या डासासारख्या दिसणाऱ्या माशीच्या लालभडक अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्यांचं थोड्या ऑक्सिजनवर भागतं. गारासारख्या माशाचं भागत नाही.

नदी सुधारायची तर सांडपाणी आधी थांबलं पाहिजे, यात दुमत नाही. पण त्याबरोबर तळाचे दगडही राहू द्या. सपाट काँक्रीटवर शेवाळ धरेल, पण ते खाणाऱ्या अळ्यांना पुरात लपायला तिथे फट कुठे आहे?