एका बिस्किटाचे सहा तास

(पडद्यावर: रुग्णालयाचा तळमजला, एमआरआय विभाग. सकाळचे पावणेआठ.)

ऑपरेशन थिएटर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि आपण तळमजल्यावर. मधे एकच लिफ्ट, आणि या वेळेला ती नाश्त्याच्या ट्रॉल्यांनी अडवलेली असते. वर काही कमी पडलं तर शेजारच्या थिएटरमधून माणूस येतो, सामान येतं. इथे मात्र हाक मारली तर ऐकायला येतो तो फक्त बाहेरच्या बाकावर बसलेला पुढचा पेशंट.

चार वर्षांच्या मुलाला फिट आली होती. मेंदूचा एमआरआय करायचा, म्हणजे अर्धा-पाऊण तास निपचित पडून राहायचं. या वयाचं पोर ते कसं करणार? म्हणून भूल. भूल भूलतज्ज्ञ देतील. पण ती देण्याआधी या खोलीचं थिएटर करायचं काम सिस्टरांचं.

सक्शन, म्हणजे घशातली लाळ-उलटी ओढून घेणारं यंत्र, चालू करून त्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवतात. ओढ लागते का, ते बघतात. अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, तळहातावर दाबून फुटकी नाही ना, ते पाहतात. मास्क तीन मापांचे, कारण मुलाचा चेहरा अजून पाहिलेला नाही. ट्रॉलीला टेकवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर, काळं अंग आणि पांढरे खांदे. त्याच्यावरचा दाबाचा काटा 50 बारवर आहे. दहा लिटरच्या सिलिंडरमध्ये 50 बार म्हणजे साधारण 500 लिटर ऑक्सिजन. मिनिटाला 10 लिटर लावला तर पन्नास मिनिटं. सिस्टर वॉर्डबॉय मामांना सांगतात, "हा बदलून आणा."

मामा कुरकुरत जातात. जाऊ देत.

(पडद्यावर: आई, आजी आणि मुलगा.)

"उपाशी आहे ना?" असं सिस्टर कधीच विचारत नाहीत. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: हो. त्या विचारतात, "ताई, सकाळी उठल्यापासून बाळाच्या तोंडात काय काय गेलं?"

आई आजीकडे बघते. आजी पदराशी चाळा करते. "रडत होता हो. एकच बिस्कीट दिलं. चहात बुडवून. सातला."

पाणी असतं तर दोन तास थांबलो असतो. आईच्या दुधाला चार तास लागतात. दुधाचा चहा आणि बिस्कीट, म्हणजे सहा तास. भुलेत घशाची राखण सैल पडते. पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात उतरू शकतं. आठची वेळ गेली, आता एक वाजता. बाहेर कुणीतरी "एका बिस्किटासाठी?" म्हणून तणतणतं. सिस्टर आजींना रागावत नाहीत. रागावलं की पुढच्या वेळी खरं सांगितलं जात नाही.

तेवढ्या वेळात अंगावरचं काढायचं. कमरेचा करगोटा, त्यात ओवलेला ताईत, आईच्या पदराची सेफ्टी पिन. सिस्टर स्वतःचा खिसाही उलटा करतात: कात्री, किल्ल्या, पेन.

मशीन फोटो काढत नसलं की बंद आहे, असं वाटतं. तसं नसतं. चुंबक रात्रंदिवस चालू असतो. जानेवारी 2018 मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजन सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत शिरला. चुंबकाने सिलिंडर खेचला, त्याच्याबरोबर त्यालाही. त्यात त्याचा जीव गेला. म्हणून मामांनी आणलेला नवा सिलिंडर दाराबाहेरच उभा राहतो. आत ऑक्सिजन येतो तो भिंतीतल्या पाइपलाइनमधून.

(पडद्यावर: दुपारी एक. काचेपलीकडे मशीन.)

दुधासारखं पांढरं औषध शिरेत गेलं, आणि वाक्य अर्ध्यावर टाकून पोर झोपलं. मान किंचित मागे, खांद्यांखाली घडी केलेला टॉवेल, कानात बोळे. मॉनिटरच्या वायरी सिस्टर सरळ करतात. वेटोळं अंगाला लागलं तर या मशीनमध्ये ते तापतं, कातडी भाजते. आणि झोपलेलं पोर ओरडून सांगणार नाही.

आता काचेतून फक्त दोन तळवे दिसतात. छाती ब्लँकेटखाली. मशीनची ठकठक अशी, की श्वासाचा आवाज येणं अशक्य. बघायचं ते पडद्यावर. नवखा माणूस 99 या आकड्याकडे बघतो, रक्तातल्या ऑक्सिजनच्या. पण नाकाला ऑक्सिजन लावलेला असताना श्वास थांबला, तरी तो आकडा काही वेळ तसाच राहतो. सिस्टरांची नजर खालच्या लाटेवर आहे: उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड. प्रत्येक श्वासाला एक टेकाड. श्वास थांबला की ती लाट लगेच आडवी होते.

आणि ती होते.

भूलतज्ज्ञ आत धावतात, हनुवटी उचलतात. जीभ मागे पडली होती, एवढंच. टेकाडं परत सुरू. आकडा या सगळ्यात 98 च्या खाली उतरलासुद्धा नाही. श्वास परतला नसता तर मुलाला आधी खोलीबाहेर काढलं असतं आणि मग पुढचे उपचार. घाईत लोखंडी अवजार घेऊन आत धावणारा स्वतःच संकट होतो.

या अर्ध्या-पाऊण तासात सिस्टरांनी फाईल शोधली नाही, फोन उचलला नाही. कमी माणसांच्या रुग्णालयात नुसतं बघत बसणाऱ्याला रिकामा समजून कामं सांगितली जातात. आमच्या मते, ही सवय ट्रॉलीवरच्या कुठल्याही उणिवेपेक्षा महाग पडते.

(पडद्यावर: रिकव्हरी, म्हणजे भूल उतरेपर्यंत ठेवायची खोली. पडद्याआड एक स्ट्रेचर.)

ठकठक थांबली, कुणी हात लावेना, की पोर पुन्हा गाढ झोपतं. म्हणून इथेही मॉनिटर लावलेलाच. हालचाल, श्वास, रक्तदाब, शुद्ध, ऑक्सिजन. प्रत्येकाला दोनपैकी गुण. 1970 मध्ये भूलतज्ज्ञ आल्ड्रेट यांनी ही पद्धत मांडली. तेव्हा ऑक्सिजनच्या जागी त्वचेचा रंग बघत. दहापैकी नऊ झाल्याशिवाय वॉर्डात पाठवायचं नाही. सध्या सात.

पाऊण तासाने डोळे उघडतात. "आई, माझा करगोटा?"

आजी पिशवीत हात घालतात. पुडा अर्धा उघडाच आहे. "आता देऊ का हो, सिस्टर?"

"आधी पाणी, आजी. दोन घोट."