बेलीफ एक, गावं पंचवीस : कोर्टाचा पैसा अडतो कुठे?

दृश्य : तालुका न्यायालयाचा व्हरांडा. भिंतीवर आजचा बोर्ड.

निवेदन :
बोर्डावर आज ऐंशी-नव्वद प्रकरणं लागली आहेत. अकराला पुकारा सुरू होईल. साक्षीपुरावा दोन-तीन प्रकरणांत झाला तरी खूप. बाकीच्यांना पुढची तारीख.

ही तारीख पडते कशी, ते एका दाव्यात पाहू. वादीनं समन्स पोचवण्याचा भत्ता भरला, समन्स निघालं, नाझर म्हणजे कोर्टाच्या कार्यालयीन अधिकाऱ्यामार्फत बेलिफाकडे, समन्स घरोघर बजावणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, गेलं. बेलीफ एक, गावं पंचवीस. पहिल्या खेपेला शेरा येतो, 'घर बंद'. दुसऱ्या खेपेला, 'बाहेरगावी'. अहवाल फाइलला लागेपर्यंत तारीख उलटून गेलेली. रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत, एक ओळ चढते : 'समन्स बजावणी अहवाल प्राप्त नाही.' लेखी कैफियतीची, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची, ३० दिवसांची मुदत बजावणीपासून मोजतात. म्हणजे इथं घड्याळ सुरूच झालेलं नाही.

बेलिफाच्या हाती आता एन-स्टेपचं, समन्स बजावणीची नोंद ठेवणारं मोबाइल ॲप आहे. घरासमोर उभं राहून फोटो काढता येतो, ठिकाणाची नोंद होते. खोट्या शेऱ्यांना त्यानं चाप बसतो. पण दुसरा बेलीफ काही मोबाइलमधून निघत नाही.

दृश्य : लाल फितीत बांधलेला प्रस्ताव, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर.

निवेदन :
दुसरा बेलीफ हवा, तर जिल्हा न्यायाधीशांनी उच्च न्यायालयाला लिहायचं. तिथून प्रस्ताव विधी व न्याय विभागात, मग वित्त विभागात, आणि नवं पद असेल तर सचिवांच्या उच्चस्तरीय समितीपुढे. घटनेच्या अनुच्छेद २३५नं जिल्हा न्यायालयांवरचं नियंत्रण उच्च न्यायालयाला दिलंय. तिजोरीची किल्ली मात्र मंत्रालयात. पक्षकार भरतो ती कोर्ट फीसुद्धा कोर्टाला मिळत नाही. महाराष्ट्रात २०१८मध्ये तिची कमाल मर्यादा ३ लाखांवरून १० लाखांवर गेली. ती रक्कम जमा होते राज्याच्या तिजोरीत.

इमारतींची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. कोर्टाच्या इमारतींसाठी केंद्र पुरस्कृत योजना १९९३-९४पासून चालू आहे. बहुतेक राज्यांत केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. २०२१ ते २०२६साठी ९,००० कोटी ठरले, त्यात केंद्राचे ५,३०७. जागा ताब्यात, नकाशा, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा. बांधकाम सार्वजनिक बांधकाम विभागाचं. मधेच नकाशा बदलला की अंदाजपत्रक पुन्हा. राज्यानं आपला वाटा टाकला नाही, किंवा आधीचा पैसा खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेलं नाही, की पुढचा हप्ता थांबला. ३१ मार्चला अखर्चित अनुदान व्यपगत, म्हणजे हातचं गेलं! २०१९-२०मध्ये या योजनेत मंजूर झाले ९८१.९८ कोटी. खर्च झाले ८४.९ कोटी, तेही पाच राज्यांत मिळून.

तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी २३ ऑक्टोबर २०२१ला, त्या वेळच्या औरंगाबादेत, खंडपीठाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनातच देशाचा हिशेब मांडला : न्यायाधीशांची मंजूर पदं २४,२८०, कोर्टरूम २०,१४३, त्यातल्या ६२० भाड्याच्या. २६ टक्के न्यायालय संकुलांत स्त्रियांसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही.

दृश्य : न्यायाधीशांची चेंबर. टेबलावर निकालपत्रांशेजारी झेरॉक्स मशीनच्या दुरुस्तीचं बिल.

निवेदन :
हे बिल बघायला माणूस नेमायची कल्पना जुनीच. तेराव्या वित्त आयोगानं २०१० ते २०१५साठी न्यायदानाला ५,००० कोटी ठेवले. त्यातले २,५०० कोटी सकाळ-संध्याकाळच्या कोर्टांसाठी, ३०० कोटी कोर्ट मॅनेजरसाठी, म्हणजे न्यायाधीशांवरचं प्रशासकीय काम उचलणाऱ्या माणसांसाठी. संध्याकाळच्या कोर्टांना वकिलांचा विरोध, कर्मचारीही दिवसाचेच. मोठा निधी पडूनच राहिला. मॅनेजर आले, एमबीए झालेले, पण कंत्राटी. सहीचा अधिकार नाही, पाच वर्षांनी पगार कुठून हे माहीत नाही. अनेकांच्या वाट्याला उद्घाटनं आणि पाहुण्यांची सरबराई आली. सर्वोच्च न्यायालयाला २०१८मध्ये त्यांना नियमित करा म्हणून सांगावं लागलं, आणि १६ मे २०२५ला पुन्हा, सगळ्या उच्च न्यायालयांनी सेवानियम करावेत म्हणून.

न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या योजनेचं, ई-कोर्टचं, तसं नाही. दुसऱ्या टप्प्याला १,६७० कोटी होते, २०२३मध्ये मंजूर झालेल्या तिसऱ्याला ७,२१०. त्यातले २,०३८ कोटी एकट्या कागदपत्रांच्या स्कॅनिंगला. स्कॅनिंगची निविदा काढता येते, पानं मोजता येतात, म्हणून तो पैसा वाहता राहतो. बेलिफाचं पद निविदेत बसत नाही.

आणि न्यायाधीशांचं काम मोजलं जातं युनिटमध्ये, म्हणजे निकाली काढलेल्या प्रकरणांसाठी ठरलेल्या गुणांत. वर्षाअखेर युनिट कमी पडत असतील, तर तडजोडीची, छोटी प्रकरणं आधी हातात घेतली जातात. वीस वर्षांचा, मिळकतीच्या वाटपाचा दावा खाली सरकतो.

मॅनेजरनं दर महिन्याला एवढं जरी काढलं तरी पुरे : तारखेआधी किती समन्सांचे अहवाल आले, हजर साक्षीदारांपैकी किती जण जबाब न देता परतले, किती तारखा स्टेनो नसल्यानं पडल्या. हे आकडे रोजनाम्यात आजही आहेत. पुढच्या अंदाजपत्रकाच्या मागणीला ते जोडलेले नसतात. तिथं गेल्या वर्षीची रक्कम असते, थोडी वाढवलेली.

दृश्य : बोर्डाचा कागद निघतो, उद्याचा लागतो.