कोणाचं नाव काढायचंय?

ग्राहकसेवेच्या फोनवर माणूस हवा की यंत्र, याबद्दल मी बोलतोय. पण माणसाशी बोलणं नेहमी सुखाचंच असतं, असं सांगायला मी इथे उभा नाही. टेलिफोन नवा होता तेव्हा एक्स्चेंजमध्ये जोडण्या करायला पोरं ठेवलेली असत. ती ग्राहकांना उलट बोलत, टवाळी करत. त्यावर उपाय म्हणून १८७८ मध्ये बॉस्टनला एमा नट ही पहिली महिला ऑपरेटर नेमली गेली. पुढे अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या आल्मन स्ट्रोजरला संशय आला, की ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे वळवतात. या पठ्ठ्यानं ऑपरेटरच लागणार नाही असं स्वयंचलित एक्स्चेंज तयार केलं. १८९१ मध्ये त्याला पेटंटही मिळालं. म्हणजे मधला माणूस नकोच, ही इच्छा फार जुनी आहे आणि दर वेळी ती चुकीची नसते. पासवर्ड बदलण्यासाठी मला कुणाशीही बोलायचं नसतं. रात्री दोन वाजता तर मुळीच नाही.

बोलणं लागतं ते वेगळ्याच ठिकाणी. आपला प्रश्न नेमका काय आहे, हे फोन करणाऱ्याला पुष्कळदा धड सांगता येत नाही.

मी काही वर्षं फोनवर ग्राहकसेवा देणाऱ्यांना शिकवायचो. तिथला एक कॉल अजून आठवतो. एक बाई म्हणाल्या, ‘खात्यावरचं नाव बदलायचंय.’ पडद्यावर पर्याय होते: स्पेलिंगची दुरुस्ती, लग्नानंतरचं नाव, मालकी हस्तांतर. फोनवरच्या मुलीनं एकही निवडला नाही. तिनं विचारलं, ‘कोणाचं नाव काढायचंय, मॅडम?’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग, ‘मिस्टरांचं.’ मुलीचा आवाज खाली आला. घाई नाही म्हणाली. कागद कोणते लागतील ते सावकाश, दोनदा सांगितलं. आणि बाईंनी विचारलंच नव्हतं ते स्वतःहून काढलं: खात्यातून दरमहा आपोआप पैसे कापले जात होते, ते थांबवायचे का? गेलेल्या माणसाच्या नावानं जाणारे मेसेज बंद करायचे का?

यंत्राला ‘निधन’ हा शब्द ओळखायला शिकवता येतं, अगदी सहज. इथे तो शब्द कुणी उच्चारलाच नव्हता.

आता या धंद्यातलं एक माप सांगतो: एएचटी. बोलणं, होल्डवर ठेवणं आणि नंतरची नोंद धरून एका कॉलला लागणारा सरासरी वेळ. मॅनेजर त्याला का चिकटतो, तेही समजून घ्या. तो काही दुष्ट नसतो. डेन्मार्कचे गणितज्ञ एर्लांग यांनी १९१७ मध्ये मांडलेली सूत्रं आजही किती माणसं लागतील हे काढायला वापरतात. त्यांतून दिसतं, की सगळे आधीच गुंतलेले असताना प्रत्येक कॉल थोडासा जरी लांबला, तरी रांग भलतीच फुगते. म्हणजे त्या बाईंना दिलेला वेळ ताटकळणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून जात होता. हा पेच खरा आहे. माझं म्हणणं एवढंच, की साधे कॉल यंत्राला देऊन वाचलेला वेळ अशा कॉलकडे वळवायला हवा. घडतं उलटंच: वेळ वाचला की माणसं कमी केली जातात.

हप्त्यांवर खरेदीची सोय देणाऱ्या स्वीडनच्या क्लार्ना कंपनीनं २०२४ मध्ये जाहीर केलं, की तिचा एआय सहायक ७०० पूर्णवेळ माणसांइतकं काम करतो. २०२५ मध्ये तिच्याच प्रमुखांनी दर्जा घसरल्याचं मान्य केलं आणि पुन्हा माणसं घ्यायला सुरुवात केली. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटनं, कुटुंबात मृत्यू झाल्यामुळे प्रवास करणाऱ्या एका माणसाला तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं. चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे, अशा थाटाचा बचाव कंपनीनं केला! न्यायाधिकरणानं २०२४ मध्ये तो फेटाळला. पण नुसता माणूस बसवूनही भागत नाही. ‘सिस्टीम अलाऊ करत नाही’ एवढंच म्हणायची मुभा असलेला माणूस आणि चॅटबॉट यांत मला फारसा फरक दिसत नाही. त्या मुलीला निदान पैसे थांबवण्याचा अधिकार होता.

तो कॉल एकोणीस मिनिटं चालला. आठवड्याच्या तक्त्यात तिच्या नावापुढचा आकडा लाल होता, आणि तो लाल का आहे हे लिहायला रकाना नव्हता.