चार महिने खोगीर नाही: घोडीची पाठ जमिनीवरून कशी भरायची

[मागे गोठा. घोडी म्होरकीवर, मोकळी उभी.]

नमस्कार मंडळी. लग्नसराई आटोपली. आता आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत वरातीची घोडी बहुतेक खुंट्यालाच उभी राहणार, आणि कार्तिकात एकदम तिच्या पाठीवर खोगीर, झूल आणि नवरदेव चढणार. हे मधले चार महिने तिची पाठ भरायला पुरेसे आहेत. पाठीवर कोणी बसायचं नाही. म्होरकी, आठ-दहा फुटांची दोरी, पाच बल्ल्या आणि रोजची अर्धा तास सवड, एवढंच लागतं.

आधी पाठ नीट बघा. [कॅमेरा बाजूने, जवळून] आयाळ संपते तिथला हा उंचवटा. त्याच्या मागे, कण्याच्या दोन्ही बाजूंना तळहात ठेवा. इथं मांस भरलेलं असायला हवं, पण या घोडीला इथं खड्डा आहे आणि माझी चारही बोटं त्यात बसतात. मागे कमरेकडे येताना कण्याची टोकं बोटांना लागतात. पोट खाली सुटलंय. लोक म्हणतात, म्हातारी झाली, पाठ बसली. वयानं पाठ थोडी बसतेच, पण हा खड्डा वयाचा नाही, चुकीच्या कामाचा आहे.

काय होतं ते समजून घ्या, मग व्यायाम आपोआप कळतात. घोड्याला आपल्यासारखं गळ्याजवळचं आडवं हाड नसतं. त्याची छाती पुढच्या दोन पायांच्या मध्ये नुसत्या स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. उभ्या घोड्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्याच पायांवर असतं. वर माणूस बसला की कणा खाली दबतो. त्याला खालून उचलून धरतात ते पोटाचे स्नायू, छातीच्या हाडापासून मागे कटीच्या हाडापर्यंत गेलेले. ते आवळले की कमर गोल होते आणि पाठ वर येते. पाठीवरचा लांब स्नायू चालताना काम करण्यासाठी आहे, ओझं धरून ठेवण्यासाठी नाही. पोट ढिलं असलं की ते काम त्याच्यावर पडतं. मग तो आधी दगडासारखा कडक होतो आणि नंतर वाळत जातो.

डोकं वर बांधलं की हे आणखी बिघडतं. वरातीत लगाम आखूड धरून, मान ताठ ठेवून घोडी नाचवतात. मान वर गेली की पाठ खाली जाते, दर वेळी. त्या अवस्थेत दोन-दोन तास वजन घेऊन टापा आपटायला लावणं म्हणजे पाठ मोडायला लावणं आहे. हे थांबवलं नाही तर खालचे सगळे व्यायाम वाया जातील.

कण्याच्या अगदी लगत, मणक्यामणक्याला बांधलेला एक खोलवरचा स्नायू आहे, मल्टिफिडस. मणके जागेवर धरायचं काम त्याचं. पाठ दुखली की तो बारीक होतो, आणि नुसता आराम देऊन भरत नाही. २०११ मध्ये 'इक्वाइन व्हेटरिनरी जर्नल'मध्ये एक अभ्यास आला. घोड्यांकडून मानेचे ताण, म्हणजे खाण्यामागे मान वाकवणं आणि वळवणं, रोज प्रत्येकी पाच वेळा, आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने करून घेतले आणि अल्ट्रासाऊंडवर हा स्नायू जाड झालेला दिसला. तीन महिने आपल्याकडे आहेत.

पण त्याआधी एक गोष्ट, आणि ही टाळू नका. मागचा भाग कमजोर दिसतोय म्हणजे स्नायूच कमजोर आहे असं धरून चालू नका. आपल्याकडे घोडी गाई-बैलांच्या शेजारीच बांधलेली असते. गुरांच्या पोटातल्या एका जंताची पिल्लं डासांमार्फत घोड्यात जातात आणि मज्जारज्जूत शिरतात. घोडी मागून लटपटते, वळताना पुठ्ठा एका बाजूला फेकला जातो. ही कुमरी. दुसरा सर्रा, पावसाळ्यात आणि त्यानंतर चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरतो: ताप येतो-जातो, घोडी वाळते, पायांना आणि पोटाखाली सूज, मागचे पाय ओढते. तिसरं कारण चाऱ्यातलं. हिरवी ज्वारी रोज खाणाऱ्या घोड्याच्या मागच्या पायात लुळेपणा येऊ शकतो आणि लघवी थेंब-थेंब गळते. कोवळ्या ज्वारीची किराळ, म्हणजे विषबाधा, तर गुरांनाही लागते. वाळलेल्या कडब्याची गोष्ट वेगळी, पण हिरवी ज्वारी घोडीपुढे टाकूच नका.

यातलं काहीही वाटलं तर व्यायाम बंद. १९६२ वर फोन करा किंवा तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासा. कुमरीत आणि सर्ऱ्यात उशीर झाला की जनावर हातचं जातं.

[घोडीच्या मानेजवळ]

तब्येत ठीक असेल तर पहिले दोन आठवडे फक्त ताण. गोठ्यातही होतात, म्हणून पावसाची अडचण नाही. जमीन सपाट आणि कोरडी हवी. ओल्या शेणावर पाय सरकला तर मांडीचा स्नायू फाटतो. पुढचे दोन्ही पाय एका रेषेत उभे करा. हातात काहीतरी लांब खायचं घ्या. पावसाळ्यात आपल्या बाजारात गाजर धड मिळत नाही. लांब काकडी चालते, नाहीतर हत्तीघासाची मूठ. लांब यासाठी की बोटं दातांत जाऊ नयेत.

खाली वाकण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, हनुवटी छातीला. दुसरी, हनुवटी दोन गुडघ्यांच्या मधे. तिसरी, हनुवटी खाली खुरांच्या वरच्या सांध्यांपर्यंत. [करून दाखवताना] हात हळू न्या, ती मागोमाग येते. जिथं पोचली तिथं थांबवा. पहिल्या आठवड्यात एक-दोन सेकंद, पुढे पाच सेकंदांपर्यंत. मग द्या. पोटाकडे लक्ष ठेवा: हनुवटी गुडघ्यांमधून मागे जाताना पोट आत ओढलं जातं आणि खोगिराची जागा वर येते. ते दिसलं तर व्यायाम बरोबर चाललाय.

मग बाजूला वळणं: हनुवटी तंगाच्या, म्हणजे खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याच्या, जागेपर्यंत, नंतर कुशीपर्यंत, आणि महिन्याभरानं जमलं तर मागच्या पायाच्या कोपरापर्यंत. दोन्ही बाजूंना, प्रत्येकी पाच वेळा. एक बाजू कडक निघणारच. तिकडे जोर लावू नका, तेवढीच करा. कडक बाजूला अंतर कमी ठेवलं तरी चालेल.

इथं चुका ठरलेल्या असतात. घोडी पाय हलवून वळते. म्हणजे तुम्ही फार लांब नेलंय, हात जवळ आणा. गुडघा वाकवून खाली जाते, तेही तेच. झटका मारून खाणं हिसकते, म्हणजे तुम्ही थांबवण्याआधी देताय. डोकं तिरपं करून एक कान खाली टाकते, म्हणजे मान वळत नाहीये, फक्त पिळतेय. हे सगळं जमिनीवरच दुरुस्त होतं, म्हणून घाई करू नका.

[घोडीच्या बाजूला, तोंड शेपटीकडे]

आता पोट उचलणं. पुढच्या पायाला खेटून उभे राहा. लांब उभे राहिलात तर मागच्या पायाची लाथ पुढे येऊन बसते. आधी सपाट हातानं पोटाखाली चोळा. कान मागे टाकले, शेपूट आपटली, चावायला वळली, तर तिथंच थांबा. पोटातले अल्सर किंवा पाठीचं दुखणं असू शकतं, ते डॉक्टरला दाखवा. शांत असेल तर बोटांची टोकं छातीच्या हाडावर, बरोबर मधल्या रेषेत, तंगाच्या जागी ठेवा आणि वर दाबा. टोचू नका, दाब स्थिर ठेवा. [कॅमेरा पाठीच्या रेषेवर] ही बघा पाठ वर आली. दोन बोटं आली तरी बास आहे. पाच सेकंद, सोडा, परत, पाच वेळा.

मागची कमर गोल करायचा व्यायाम ज्या घोडीवर पूर्ण भरवसा आहे तिच्यावरच करा, आणि तिच्या मागे कधीच उभे राहू नका, पुठ्ठ्याच्या बाजूला राहा. शेपटीच्या मुळाच्या दोन्ही बाजूंना खाली उतरणारी खाच आहे. तिथं बोटांनी वरून खाली ओढलं की घोडी शेपूट आत घेते आणि कमर वर येते. तीन वेळा पुरे.

तिसऱ्या आठवड्यापासून मागे सरकवणं. याला मी सगळ्यात जास्त किंमत देते, कारण यात साधन लागत नाही आणि पोट, मांडी, कमर एकाच वेळी कामाला लागतात. दोरी खाली ढिली ठेवा, छातीवर हात ठेवून एक पाऊल मागा, घेतलं की दाब सोडा. पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकत्र उचलला पाहिजे, मग दुसरी जोडी. सहा पावलं मागे, मग पुढे चालवा, असं तीनदा. डोकं वर करून पाय घासत सरकली तर पाठ खाली गेलीय आणि फायदा शून्य. तेव्हा दोन पावलांवरच थांबा आणि मान खाली यायची वाट बघा. दोरीला हिसके देऊन मागे ढकलणारे खूप बघायला मिळतात. त्यानं घोडी फक्त मान ताठ करायला शिकते.

[उघड्या मुरमाड जागेवर, बल्ल्या मांडलेल्या]

याच सुमारास बल्ल्या. आपल्याकडे बांबू सहज मिळतो, पण बांबू वापरू नका. खूर पडला की तो लोळतो आणि घोडी तोंडावर येते. नीलगिरीची चार इंच जाड, दहा फूट लांब बल्ली घ्या आणि दोन्ही टोकांना वाळूनं अर्धी भरलेली चुंगडी लावा. मारवाडी-काठियावाडी घोडी चालीत जात असेल तर दोन बल्ल्यांमध्ये पंचाहत्तर-ऐंशी सेंटिमीटर अंतर. टेप नसेल तर टाचेला अंगठा लावून आपली तीन पावलं. दुडकीत सव्वा मीटरच्या आसपास, पण दुडकी आठव्या आठवड्याआधी नको.

सुरुवात तीन बल्ल्यांनी, सहा फेऱ्या. पुढे पाच बल्ल्या, बारा फेऱ्या. दोरी ढिली, तुम्ही खांद्याच्या रेषेत. तिला खाली बघू द्या; मान लांब करून बघते तेव्हाच पाठ उचलली जाते. मागचे खूर लाकडाला खटखट लागत असतील तर ती थकली आहे, फेऱ्या थांबवा. दोन बल्ल्यांच्या मधे जास्तीचं पाऊल घेत असेल तर अंतर मोठं झालंय, प्रत्येक ठिकाणी एक मूठ कमी करा. सातव्या आठवड्यानंतर एकाआड एक टोक विटेवर चढवा, एका बल्लीचं डावं, पुढचीचं उजवं. एवढ्यानं कमरेचं काम खूप वाढतं, म्हणून बल्ल्या आठवड्यातून तीनच दिवस, मधे एक दिवस सुट्टी.

काळ्या वावरात हे करू नका. पाऊस झाला की चिखल खुराला ओढतो, नाल निघतो आणि पायाची शिर ताणली जाते. कोरड पडली की भेगांत पाय अडकतो. मुरमाची पांदण किंवा शाळेमागचं मैदान चालेल.

शेवटचे पाच-सहा आठवडे चढ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मालगुजारी तलावाची पाळ जवळच असते. बाकीकडे नाल्याचा काठ किंवा टेकडी बघा. गवत ओलं असेल तर जाऊ नका. सरळ चढा, हळू चालीत, मान मोकळी. पळत चढली तर पुढचे पाय ओढून नेतात आणि मागचे नुसते मागोमाग येतात. उतरतानाही हळू. उतारावर प्रत्येक पाऊल रोखून धरणं हाच पोटाचा व्यायाम आहे, आणि लोक नेमके इथंच दोरी सोडून देतात. चार चढ-उतारांनी सुरुवात, दहाच्या वर नको.

काव्यावर, म्हणजे लांब दोरीवर गोल, फिरवणाऱ्यांना एवढंच सांगते: गोल पंधरा मीटरपेक्षा लहान नको, एका बाजूला पाच मिनिटं पुरे, आणि डोकं खाली बांधायला दोऱ्या लावू नका. बांधलेली मान खाली दिसते, पाठ मात्र वर येत नाही.

रोज सुरुवातीला दहा मिनिटं नुसतं चालवा, आणि काम सकाळी नऊच्या आत. ऑक्टोबरच्या उन्हात धाप लागते ती वेगळी. दुसऱ्या दिवशी खरारा करताना पाठीवरून हात फिरवा. कातडी थरथरली किंवा पाठ खाली दाबून घेतली तर काल जास्त झालंय. दोन दिवस फक्त चालवा आणि ताण द्या.

फरक डोळ्यांनी कळत नाही, कारण आपण रोज बघतो. म्हणून ही जाड सर्व्हिस वायर घ्या, मीटरला येते ती. [वायर पाठीवर वाकवून] उंचवट्याच्या चार बोटं मागे, आडवी ठेवून पाठीवर घट्ट दाबा, आकार बसला की अलगद उचला आणि कागदाच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं रेघ काढा. तारीख लिहा. दर चार आठवड्यांनी त्याच जागी, त्याच पुठ्ठ्यावर. खड्डा भरत असेल तर रेघा बाहेर सरकत जातात. दोन महिन्यांत रेघ हललीच नाही, तर चारा बघा. नुसत्या कुटारावर स्नायू बनत नाही, भिजवलेला हरभरा किंवा चांगलं हिरवं गवत लागतं. दातही तपासून घ्या.

आणि पाठ भरली की जुनं खोगीर बसणार नाही. कार्तिकात चढवण्याआधी ते कोऱ्या पाठीवर, झुलीशिवाय ठेवा. कण्यावर कुठंही टेकता कामा नये, उंचवट्यावर दोन-तीन बोटं जागा हवी, आणि पुढून मागे प्रकाश दिसला पाहिजे. चिमटत असेल तर कारागिराकडून आतला भराव काढून घ्या. वजनाचा हिशोबही तेव्हाच ठरवा: घोडीच्या वजनाचा पाचवा हिस्सा, खोगीर आणि झूल धरून. साडेतीनशे किलोच्या घोडीला सत्तर किलो. नवरदेव एकटाच पंच्याऐंशीचा असेल, तर बुकिंग घेतानाच मोठी घोडी सांगा.

[कॅमेरा बंद]