आकडा उतरला, पण कशामुळे?

श्रोतेहो, नमस्कार. सरकारी रुग्णालयात काही नवी उपाययोजना होते, चार महिन्यांत संसर्गाचा आकडा उतरतो आणि अहवालात छापून येतं, 'धोका कमी झाला'. झालाही असेल. पण उपायामुळेच झाला, हे ठरवायचं कसं?

इथे मला व्हिएन्नाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या जनरल हॉस्पिटलात दोन प्रसूती विभाग होते. पहिला डॉक्टर आणि विद्यार्थ्यांचा, दुसरा सुइणींचा. १८४६ साली पहिल्यात शंभरामागे अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तीनसुद्धा नाहीत. भरती दिवसाआड, आज या विभागात, उद्या त्या. बायकांना सगळं ठाऊक. पहिल्या विभागाची पाळी आहे कळलं की हातापाया पडत, काही तर वाटेतच बाळंत होत. आणि गंमत बघा, वाटेत बाळंत झालेल्यांना तो जीवघेणा बाळंतपणाचा ताप कमी येई!

पहिल्या विभागातले डॉक्टर सेमेलवाइस यांना उलगडा झाला तो १८४७च्या मार्चमध्ये. शवविच्छेदनात सुरी लागून त्यांचे एक स्नेही गेले, लक्षणं बाळंतिणींसारखीच. विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी थेट बाळंतिणी तपासत होते, सुइणी नाही. मेपासून क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं झालं. एप्रिलमध्ये १८ टक्के मृत्यू होते, जूनमध्ये दोनच्या आसपास. मोठमोठे डॉक्टर रागावले, ते वेगळंच.

आता एप्रिलचा आकडाच बघा. महिना इतका वाईट गेला की पुढचा थोडा बरा जाणारच, काही न करताही. उपाय बहुधा वाईट महिन्यानंतरच सुचतो, मग आपोआप उतरलेल्या आकड्याचं श्रेयही उपायालाच मिळतं. व्हिएन्नात शंका उरत नाही, कारण शेजारी दुसरा विभाग होता आणि १८४८मध्ये दोन्हीकडचं प्रमाण जवळजवळ सारखं झालं. म्हणून पुन्हा सांगतो, आधी-नंतर एवढंच बघू नका, शेजारीही बघा.

शेजारी तसाच विभाग नसेल तेव्हा संख्याशास्त्रीय मॉडेल लागतं. रुग्णांचं वय, आजाराची तीव्रता, इतर व्याधी धरून ते सांगतं, इथे इतके मृत्यू अपेक्षित होते. प्रत्यक्ष मृत्यू त्याच्याशी ताडायचे. नाहीतर गंभीर रुग्ण घेणारं मोठं रुग्णालय कायम बदनाम. शिवाय शेवटच्या घटकेला घरी धाडलेला रुग्ण नोंदीतून गळतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी दाखल झाल्यापासून तीस दिवसांतले मृत्यू मोजतात, मग रुग्ण कुठेही असो.